दाते सूचीत नाही, एवढं तरी लिहा

आपल्याकडच्या वाचनालयांत जुनं संगीताचं काही ना काही असतंच, नाटकाच्या पदांची पुस्तिका असते, कुणा बुवांच्या हस्ताक्षरातलं बंदिशींचं बाड असतं, लाखेच्या तबकड्या असतात. या सगळ्याच्या नोंदीत एक ओळ मात्र हमखास नसते. ही वस्तू आधी कुणी कुठं नोंदवलीय का, आपण ते कुठल्या सूचीत, उदाहरणार्थ शंकर गणेश दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीत, बघितलं आणि तिथं ती कितव्या नंबरला किंवा कितव्या पानावर सापडली, ही ती ओळ, म्हणजेच दाखला. माझं म्हणणं सरळ आहे. दुर्मिळ संगीत साहित्याची नोंद या ओळीशिवाय पुरी झाली असं मानूच नये, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात तर अजिबातच मानू नये, कारण इथल्या वस्तूंचा माग दोन भाषांत, दोन राज्यांत आणि मोडून गेलेल्या संस्थानांत विखुरलाय आणि आज ज्यांना तो तोंडपाठ आहे ती माणसं सत्तरी ओलांडून गेलीत.

काही जणांना वाटेल की हा ग्रंथपालांच्या आतला विषय आहे, त्यावर लेख कशाला. पण जमिनीचा व्यवहार करताना उतारा बघितल्याशिवाय आपण सही करतो काय? मग गावाचा वारसा म्हणून आपण जे मिरवतो, ज्याच्यासाठी अनुदान मागतो, ज्याच्यावर भाषणं करतो, त्याच्यामागं काय कागद आहे हे विचारायचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे. कर्नाटकात १९६५ च्या कायद्यापासून आपण घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरत आलोय, वाचनालयांना वर्गणी देतो ती वेगळी. म्हणून हा प्रश्न सगळ्यांचा आहे असं मला वाटतं.

युरोपात ही सवय जुनी आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये रिझम नावाची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, जगभरच्या ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत पडलेलं जुनं संगीत, छापील आणि हस्तलिखित, कुठं काय आहे ते नोंदवायचं एवढंच तिचं काम. १८०० च्या आधी छापलेल्या एकेका संगीतकाराच्या कृतींची तिची एक मालिका आहे आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीला नंबर आहे. एखाद्या ग्रंथालयाला असं पुस्तक मिळालं की तिथला माणूस आधी रिझम उघडतो, नंबर शोधतो आणि तो आपल्या नोंदीत लिहितो. ग्रंथालयांत कॉम्प्युटरवर नोंद करायचा मार्क नावाचा ठरलेला साचा आहे, त्यात यासाठी ५१० नंबरचं वेगळं फील्डच, म्हणजे रकानाच, ठेवलेला आहे, त्यात स्रोताचं नाव एका सबफील्डात आणि नेमकी जागा दुसऱ्या सबफील्डात, पहिल्या इंडिकेटरला, म्हणजे रकान्याच्या सुरुवातीच्या खुणेच्या अंकाला, ४ असेल तर समजायचं की जागा दिलीय आणि ३ असेल तर फक्त स्रोताचं नाव दिलंय. दुर्मिळ संगीताचं वर्णन कसं करायचं याची डीसीआरएम-एम नावाची आख्खी नियमावली २०१६ साली आली. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयांसाठीचं कोहा सॉफ्टवेअर आलंय, ते फुकट आहे आणि त्यात हे ५१० फील्ड आत्ताही आहे, रिकामं पडून आहे.

त्या लोकांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मोझार्टच्या कृतींची सूची कोशेलनं १८६२ साली काढली आणि आजही त्याच्या रचना कोशेलच्या नंबरानंच ओळखतात, पण त्या सूचीच्या नंतरच्या आवृत्त्यांत संशोधन पुढं गेलं तसे काही नंबर बदलले. त्यामुळं नुसता नंबर लिहून भागत नाही, कुठल्या आवृत्तीतला नंबर ते लिहावं लागतं. आपल्याकडं हीच अडचण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेची, म्हणजे त्यांच्या राग-बंदिशींच्या पुस्तकांची आहे. सहा भाग, मूळ मराठीत, नंतर हाथरसहून हिंदीत निघाले, आणि आपल्याकडच्या गाणाऱ्या मंडळींच्या घरात दोन्ही सापडतात. मराठी प्रतीतलं पान हिंदी प्रतीत त्याच जागी मिळेल याची काही खात्री नाही. तरी लोक बिनधास्त लिहितात, "भातखंडे भाग ३ पाहा". कुठला भाग ३, कुठल्या भाषेतला, कुठल्या सालचा? वाचक बिचारा तिथंच अडकतो.

आता नेहमीचा आक्षेप. आमच्याकडं रिझम कुठं आहे, आम्ही कशाचा दाखला देणार? हा आक्षेप मला मान्य नाही, आणि जरा सविस्तर सांगतो कारण इथंच आपण आपल्या माणसांचं काम विसरतो. शंकर गणेश दाते या माणसानं मराठी ग्रंथसूची केली, पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील पुस्तकांचा आणि दुसरा १९३८ ते १९५० चा. दीडशे वर्षांची मराठी छपाई एका माणसानं ग्रंथालयं पालथी घालून नोंदवली, त्यात संगीत आहे, नाटकं आहेत, भजनं आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टनं केलेली सूची १८९२ साली छापली गेली. आणि या सगळ्याच्या खाली पाया म्हणून १८६७ चा पंचविसावा कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारजमा करायची आणि सरकारनं त्याची यादी दर तीन महिन्यांनी गॅझेटबरोबर काढायची असा तो कायदा होता. त्या यादीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, प्रकाशक, तारीख, पानं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती काढल्या, शिळाछाप की खिळ्यांची छपाई आणि किंमत एवढं सगळं द्यावं लागायचं. किती प्रती काढल्या हे आजचा प्रकाशक छातीठोकपणे सांगेल काय? चार आण्यांच्या पदांच्या पुस्तिकेबद्दल एवढी माहिती सरकारी यादीत बसलेली असू शकते आणि आपण तिच्या नोंदीत "जुने पुस्तक, मुखपृष्ठ नाही" एवढंच लिहितो.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यात होतं, त्यामुळं तोपर्यंतच्या बेळगावच्या छपाईचा माग मुंबई इलाख्याच्या याद्यांत शोधायचा. त्यानंतर म्हैसूर राज्य, आणि नाव कर्नाटक झालं १९७३ ला. राष्ट्रीय पातळीवरची ग्रंथसूची १९५७ च्या शेवटाला सुरू झाली. म्हणजे दाते १९५० ला थांबतात आणि राष्ट्रीय सूची सात वर्षांनी सुरू होते, आणि नेमक्या त्याच मधल्या काळात आपल्या भागाचं राज्य बदललं. हा खड्डा ज्याला माहीत आहे तो १९५३ सालची भजनांची पुस्तिका हातात आली की सावध होतो. ज्याला माहीत नाही तो कुठंच सापडली नाही म्हणून "अत्यंत दुर्मिळ" लिहून मोकळा होतो.

त्याहून बारीक गोष्ट शहापूरची. आज शहापूर म्हणजे बेळगाव शहरच, पण इंग्रजांच्या काळात शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. १८६७ चा कायदा ब्रिटिश मुलखाला लागू होता, संस्थानांना नाही. कोल्हापूर, कुरुंदवाड, मिरज, जमखंडी, रामदुर्ग ही सगळी संस्थानं आपल्या अंगाला लागूनच होती. म्हणजे एखाद्या नाटक मंडळीनं आपली पदं बेळगावात छापून घेतली असतील तर ती मुंबईच्या यादीत असायला पाहिजेत, आणि शहापुरात किंवा मिरजेत छापून घेतली असतील तर नसण्याचीच शक्यता जास्त. "मुंबई इलाख्याच्या यादीत नाही" या एका ओळीचा अर्थ छापखान्याच्या पत्त्यावर असा बदलतो. हा अर्थ काढणं पुढच्या अभ्यासकाचं काम, पण यादी बघितली होती आणि त्यात नव्हतं हे आज नोंद करणाऱ्यानंच लिहून ठेवायला पाहिजे, कारण पुस्तिका आज त्याच्या हातात आहे. पुढं ती हाताळण्यासारखी राहील का नाही देव जाणे.

म्हणून शीर्षकात म्हटलंय, "दाते सूचीत नाही" एवढं तरी लिहा. सापडलं नाही हीसुद्धा माहिती आहे, पण ती लिहिली तरच. नोंद गप्प असेल तर वाचकाला कळत नाही की ग्रंथपालानं शोधलं आणि मिळालं नाही, का शोधलंच नाही. आणि हो, दात्यांच्या सूचीत काही पुस्तकं सुटली असणारच, एकट्या माणसाचं काम ते. सुटलेली पुस्तकं उजेडात येणार तीही आपल्यासारख्या गावांतल्या कपाटांतूनच.

हस्तलिखितांचं तर सगळ्यात जास्त हाल. खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयात मी एक बाड बघितलं. लांबट, उभं, हिशेबाच्या वहीसारखं शिवलेलं, सुरुवातीची काही पानं खरंच हिशेबाची आणि तीही मोडीत. पुढं बाळबोधमध्ये रागांची नावं, त्याखाली स्थायी आणि अंतरा, काही ठिकाणी शब्दांच्या डोक्यावर स्वर लिहिलेले, आणि समासात मधून मधून कन्नड लिपीत काहीतरी टिपलेलं, शाई वेगळी, हात वेगळा. शेवटच्या पानांत भजनं. दाखल रजिस्टरमध्ये याची नोंद काय? "गाण्याची वही (जुनी)". खाली देणाऱ्याचं नाव आणि साल. तिथल्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांनी ती वही सांभाळली, वाळवी लागू दिली नाही, हेच खूप आहे. पण या नोंदीवरून धारवाडच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकाला काय कळणार? तो येणारच नाही इकडं.

आता याच बाडाची नोंद कशी झाली असती बघा. पन्नासेक बंदिशी असतील तर त्यातल्या प्रत्येकीचा राग, ताल आणि मुखड्याचे पहिले शब्द टिपायचे. रिझमच्या हस्तलिखितांच्या नोंदींत रचनेच्या सुरुवातीचे स्वरसुद्धा दिलेले असतात, त्यामुळं कर्त्याचं नाव माहीत नसलं तरी स्वरांवरून रचना शोधता येते. आपल्याकडं मुखडा सारेगममध्ये लिहायला काय अडचण आहे? गावात पेटी वाजवणारा माणूस असतोच, तो बसला तर दोन दुपारचं काम. मग हा मुखडा कुठं कुठं ताडून बघायचा ते ठरवायचं. क्रमिक मालिका आहेच. गवई रामकृष्णबुवा वझे बेळगावात राहिलेले, त्यांच्या संगीत कला प्रकाश या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पलुस्करांच्या शाळेची छोटी पाठ्यपुस्तकं आहेत, ती तर या भागात घरोघर होती, पलुस्कर जन्माला आले ते कुरुंदवाडला. भजनं असतील तर पंत महाराज बाळेकुंद्रीकरांची पदं छापलेली आहेत, बाळेकुंद्री काय लांब नाही. यातल्या कशात बंदिश सापडली तर स्रोत, आवृत्ती, पान लिहायचं आणि शब्दांत फरक असेल तर "पाठभेद" म्हणून एक शब्द टाकायचा. नाही सापडली तर तेही लिहायचं. समजा पन्नासातल्या पस्तीस छापील पुस्तकांत मिळाल्या, उरलेल्या पंधरा कुठंच मिळाल्या नाहीत. त्या पंधरांसाठी माणूस धारवाडहून काय, कोलकात्याहून येईल.

तबकड्यांबद्दल लोकांना वाटतं की लेबल वाचलं की झालं. लेबलावर कंपनीचा नंबर असतो, आणि लेबलाच्या कडेला लाखेतच उमटवलेला दुसरा नंबर असतो, तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा. एकच ध्वनिमुद्रण वेगळ्या लेबलाखाली, वेगळ्या नंबरानं परत निघू शकतं, त्यामुळं दोन्ही नंबर लिहायला पाहिजेत. मार्कमध्ये त्याला ०२८ फील्ड आहे. पण हे झालं वस्तूवरचं वाचन. ते ताडून बघायला डिस्कोग्राफी, म्हणजे ध्वनिमुद्रणांची सूची लागते. मायकेल किनिअर यांचं ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांवरचं पुस्तक १८९९ ते १९०८ एवढा काळ घेतं. त्या कंपनीचा ध्वनिमुद्रण करणारा फ्रेड गैसबर्ग १९०२ ला कोलकात्याला आला आणि गायिका गौहर जाननं गायलं तो काळ त्यात येतो. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय कळावं म्हणून गाणारा शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचा. त्या सांगण्याची नोंदसुद्धा दाखल्यात यायला पाहिजे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली ओडियनची तबकडी घेऊन तुम्ही या पुस्तकात शोधत बसलात तर ती मिळणार नाही, कारण काळ वेगळा आणि कंपनीही वेगळी. म्हणजे कुठल्या स्रोतात शोधायला अर्थ आहे हे आधी समजून घ्यावं लागतं, उगाच चार भारी नावं नोंदीत टाकून उपयोग नाही. नंतरच्या काळासाठी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची पत्रिका आहे, तिच्यात कलाकारवार याद्या आलेल्या आहेत.

आणि नावांचं काय करायचं! गंगूबाई हनगल मूळच्या गांधारी, सुरुवातीच्या तबकड्या त्याच नावानं निघालेल्या, आणि त्यात मराठी गाणीही आहेत. ज्यानं दाखला शोधला नाही तो दोन गायिका करून ठेवतो, एक गांधारी, मराठी भावगीतं गाणारी कोणीतरी, आणि एक गंगूबाई, किराणा घराण्याच्या. सुळेभावीला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी आणि कुमार गंधर्व हे एकच हे आज सगळ्यांना माहीत आहे, पण सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ हे आजच्या वीस वर्षांच्या मुलाला विचारून बघा. आपल्या भागातली निम्मी मोठी नावं पदव्यांच्या खाली झाकलेली आहेत. कुठल्या तबकडीवर, कुठल्या जाहिरातीत, कुठलं नाव आहे आणि ते कुणाचं हे कशावरून ठरवलं, हे नोंदीत लिहिलं नाही तर पुढच्या पिढीनं ते कसं ठरवायचं?

संगीत नाटकाच्या पुस्तकांत तर दाखल्याची एक पद्धत आपल्याकडं आधीपासूनच होती. पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याची ओळ दिलेली असते, आणि ती कधी लावणी असते, कधी आर्या-साकी, कधी चक्क कन्नड पद. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले, १८८० ला शाकुंतल आणि १८८२ ला सौभद्र रंगभूमीवर आलं, आणि त्यांच्या चालींत कर्नाटकी वळण आहे हे जाणकार सांगत आलेत. आता ते वळण नेमकं कुठल्या पदात, कुठल्या कन्नड गाण्यावरून, हे दाखवायचं तर जुन्या आवृत्त्यांतली ती "चाल" ओळ हाच पुरावा. म्हणून अशा पुस्तकाची नोंद करताना आवृत्ती पक्की करणं फार महत्त्वाचं आहे, शीर्षकपान फाटलेलं असेल तर पानांची संख्या, छापखाना, मागच्या जाहिराती यांवरून सूचीशी जुळवून. सौभद्राच्या इतक्या आवृत्त्या निघाल्यात की "संगीत सौभद्र, जुनी प्रत" या नोंदीला काही अर्थच राहत नाही.

हे लिहिताना मला भाषेच्या वादाकडं डोळेझाक करायची नाही. आपण मराठी माणसं इथं आपला वारसा सांगतो तेव्हा त्यात दुखरी बाजू असते, १९५६ पासूनची. ती मला परकी नाही. पण म्हणूनच म्हणतो, संगीताच्या बाबतीत दाव्यापेक्षा दाखला आपल्याला जास्त उपयोगी पडेल. एखादं बाड मराठी आहे असं आपण म्हणणार, समासात कन्नड आहे म्हणून पलीकडचे ते त्यांचं म्हणणार. नोंदीत मराठी आणि कन्नड दोन्हीकडचे स्रोत बघितल्याचं लिहिलेलं असेल तर भांडायला जागा कमी आणि अभ्यासाला जास्त राहते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला नाटक केलं तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, हे आपल्याच इतिहासाच्या पुस्तकांत आहे. कन्नडच्या सूच्या आपण उघडतच नाही ही आपली मोठी चूक आहे, आणि धारवाडकडची मंडळी दाते सूची उघडत नसतील तर ती त्यांची. गावाच्या नावाचंही तसंच, पुस्तकावर "बेळगांव" छापलंय तर नोंदीत तेच उतरवायचं, आजचं सरकारी नाव वेगळ्या जागी द्यायचं, म्हणजे दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला सापडेल. २०१४ नंतर आलेल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या नोंदी बदलून सरसकट बेळगावी करू नयेत, आणि आपण रागानं उलटं करू नये. छापलेलं ते छापलेलं.

दुसरा एक आक्षेप आजकाल जास्त ऐकू येतो, स्कॅन करून टाका, सगळं नेटवर गेलं की नोंदीची काय गरज. स्कॅनिंग पाहिजेच, कागद पिवळा पडतोय, तबकड्या फुटताहेत. पण नेटवर फाइल टाकली आणि तिला नाव दिलं "जुनी मराठी भजने १", तर ती फाइल शोधणार कोण आणि तीच पुस्तिका आधीच दुसरीकडं कुणी स्कॅन केलीय का हे कळणार कसं? दाखला नसेल तर एकच पुस्तिका तीन ठिकाणी पैसे घालून स्कॅन होते आणि जिची एकच प्रत उरलीय ती कपाटात राहते. पैसे कमी आहेत हे खरं आहे, आणि कमी आहेत म्हणूनच कुठली प्रत आधी वाचवायची हे ठरवायला दाखला लागतो. माझं तर स्पष्ट मत आहे की "दुर्मिळ" हा शिक्का मारायचा असेल तर किमान दोन स्रोत बघितल्याची ओळ नोंदीत असल्याशिवाय मारू देऊ नये. पान पिवळं झालं म्हणून पुस्तक दुर्मिळ होत नाही.

उरला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. बहुतेक ठिकाणी एक ग्रंथपाल, तोच पेपर लावणार, तोच वर्गणीच्या पावत्या फाडणार, संध्याकाळी व्याख्यान असलं तर खुर्च्या मांडणार. त्याला मी सगळ्या पुस्तकांसाठी हे करा म्हणत नाही. कादंबऱ्यांना, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना याची काही गरज नाही. १९५६ च्या आधीचं छापील संगीत, सगळी हस्तलिखितं आणि लाखेच्या तबकड्या, एवढ्यापुरतं. कुठल्याही छोट्या वाचनालयात हे एका कपाटाच्या वर जाणार नाही. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवतात, तिथल्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट लागतोच, एकेका मुलाला एकेक कपाट दिलं तर मुलाला विषय मिळेल आणि वाचनालयाला नोंदी मिळतील. सूची हाताशी नाही म्हणाल तर दाते सूची मोठ्या वाचनालयांत आहे, आणि रिझमची ऑनलाइन सूची २०१० पासून सगळ्यांना फुकट खुली आहे, नोंद कशी दिसते ते शिकायला तरी बघावी.

आणि एक काम एकत्र करावं लागेल, ते कुणा एका वाचनालयाला जमणार नाही. स्रोतांच्या संक्षेपांची एक ठरलेली यादी पाहिजे. एकजण "दाते", दुसरा "म. ग्रं. सू.", तिसरा "मराठी ग्रंथसूची खंड १" असं लिहायला लागला तर कॉम्प्युटरला ते तीन वेगळे स्रोत वाटतात आणि शोध फसतो. पश्चिमेकडं दुर्मिळ पुस्तकांच्या कामात दाखल्याची ठरलेली रूपं असतात, सगळे तीच वापरतात. आपल्याला दोन पानांची यादी पुरेल. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४८ पासूनची संस्था इथं आहे, तिच्यासारख्या जुन्या संस्थांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथपालांना एक दिवस बोलावलं तरी हे होऊ शकतं. मराठीकडून माझ्या मते दात्यांचे दोन खंड, ब्लूमहार्ट, मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या, क्रमिक मालिकेची मराठी आणि हाथरसची आवृत्ती वेगवेगळ्या संक्षेपांनी, वझेबुवा, किनिअर आणि रेकॉर्ड कलेक्टर्सची पत्रिका एवढं पहिल्या यादीत यावं. कन्नडकडचे कुठले घ्यायचे ते धारवाड-हुबळीच्या मंडळींनी सांगावं, आणि आपण ते यादीत तितक्याच ठळक अक्षरात छापावेत.